स्वतंत्रपूर: आटपाडीच्या माळावरच्या खुल्या वसाहतीची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ महाराष्ट्र कारागृह विभागाची एक वसाहत आहे. नाव स्वतंत्रपूर. लांब मुदतीची शिक्षा झालेले निवडक बंदी, म्हणजे कैदी, इथे बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. उंच तट नाही, बुरुजावर बंदूकधारी पहारा नाही. खुल्या कारागृहांचा विषय निघाला की राजस्थानातल्या सांगानेरचे नाव आधी घेतले जाते आणि त्यात चूक काही नाही. पण सांगानेरच्या चोवीस वर्षे आधी, 1939 मध्ये, औंध संस्थानाने हा प्रयोग करून पाहिला होता. तो औंधलाच का झाला, आणि पुढे राज्य सरकारने त्याचे नियम बांधले तेव्हा त्यातले काय गळून पडले, हे पाहण्यासारखे आहे.

इंग्रजी अमलातल्या तुरुंगाचा साचा 1838 मध्ये ठरला. त्याआधी कैद्यांना बेड्या घालून रस्त्यांच्या कामावर नेण्याची सर्रास पद्धत होती. मेकॉलेच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने ती मोडीत काढायला सांगितले. कैदी चार भिंतींच्या आत हवा, काम कंटाळवाणे आणि कष्टाचे हवे, आणि शिक्षण किंवा सुधारणा वगैरेंच्या भानगडीत सरकारने पडू नये, असा एकंदर सूर होता. मध्यवर्ती कारागृहांची कल्पना याच अहवालातली. पुढे 1894 चा कारागृह अधिनियम आला. त्याचा सगळा जीव शिस्त, कोठड्या आणि तुरुंगातल्या गुन्ह्यांच्या शिक्षा यांत अडकलेला होता. सुटल्यावर माणूस जाणार कुठे, हा प्रश्न त्या कायद्याला पडलाच नाही.

तो प्रश्न सरकारी कागदावर ठळकपणे आला 1919-20 च्या भारतीय तुरुंग समितीमुळे. सर अलेक्झांडर कार्ड्यू अध्यक्ष असलेल्या या समितीने परदेशांतले तुरुंगही पाहिले आणि कैद्याची सुधारणा व त्याचे पुनर्वसन हे तुरुंगाचे उद्दिष्ट असले पाहिजे, असे स्पष्ट लिहिले. पण नेमक्या त्याच सुमारास, 1919 च्या सुधारणा कायद्याने, तुरुंग प्रांतांच्या हवाली झाले. ज्या प्रांताला वाटले त्याने थोडे केले, बाकीच्यांनी अहवाल कपाटात ठेवला. मुंबई इलाख्यात 1938 मध्ये परिविक्षेचा स्वतंत्र कायदा झाला, म्हणजे पहिल्यांदाच चुकलेल्याला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडण्याची सोय. तेव्हा इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते कन्हैयालाल मुन्शींकडे. तुरुंग आतून पाहिलेली माणसे सत्तेत आली की कायदे थोडे बदलतात, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

त्याच इलाख्यात सोलापूरला मात्र उलटे चित्र होते. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, मांग गारुडी, कैकाडी अशा कितीतरी जमातींच्या लोकांना काटेरी तारांच्या आत, ‘सेटलमेंट’मध्ये ठेवले होते. गुन्हा शाबीत झालेला असण्याची गरज नव्हती, जात पुरेशी होती. हजेरी, पास, गिरणीतली मजुरी आणि रात्री पुन्हा तारेच्या आत. सरकारदरबारी यालाही ‘सुधारणा’च म्हणत. ही कुंपणे कायद्याने हटली ती 31 ऑगस्ट 1952 रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. आटपाडीहून सोलापूर काही फार दूर नाही. गुन्हा सिद्ध झालेल्यांचे कुंपण एकीकडे निघत होते, तेव्हा गुन्हा न केलेल्यांचे दुसरीकडे कायम होते. खुल्या कारागृहाचा इतिहास सांगताना ही जोडगोष्ट वगळली जाते. ती वगळू नये असे मला वाटते.

आता औंध. सातारा, सांगली, सोलापूर आणि थेट विजापूरकडच्या मुलखात विखुरलेल्या तुकड्यांचे हे संस्थान, एकूण 72 गावांचे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी आणि चित्रांच्या संग्रहासाठी प्रसिद्ध. माणसाला संधी देऊन पाहण्याची त्यांची रीत जुनीच होती. 1910 मध्ये बेळगावहून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा ओसाड माळ त्यांनी दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाच लक्ष्मणरावांनी तिथे पहाऱ्यावर ठेवल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. म्हणजे स्वतंत्रपूरची जमीन आधीपासून थोडी नांगरलेली होती.

नोव्हेंबर 1938 मध्ये राजांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी 1939 मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आली. गांधीजींचा तिच्या घडणीत थेट हात होता. या साऱ्या खटपटीत राजपुत्र आप्पासाहेब पंत यांच्याबरोबर आणखी एक माणूस होता, मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात जन्मलेला हा ज्यू इंजिनिअर म्हैसूर संस्थानातल्या विजेच्या कारखान्यासाठी बंगळुरूला आला आणि गांधींच्या विचाराने इतका भारला गेला की भारतानंद नाव घेऊन खादी घालू लागला. धनुष तकली हे सूत कातायचे साधन त्याचेच. (पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेणारे फ्रीडमन ते हेच.) संस्थानातल्या कैद्यांना तुरुंगातून काढून मोकळ्या रानात वसवावे, ही कल्पना त्यांनी मांडली आणि राजांनी ती उचलून धरली. आटपाडीजवळ जागा निघाली, नाव पडले स्वतंत्रपूर.

हे औंधला जमले, याचे श्रेय सहसा राजांच्या आणि फ्रीडमन यांच्या चांगुलपणाला दिले जाते. चांगुलपणा होताच. पण संस्थानाचा लहानपणा तितकाच उपयोगी पडला असावा. मोठे तुरुंगखाते नव्हते, त्यामुळे अडवणारा फौजफाटाही नव्हता. बंदी कुठल्या गावचा, कुणाचा कोण, भांडण बांधावरून झाले की भावकीतून, हे सगळे माहीत असणारी माणसे जवळच होती. माणदेश दुष्काळी मुलूख. इथे कैद्याच्या हाती जमीन देणे म्हणजे त्याला उद्या गावात उभे राहता येईल असे काहीतरी देणे. आणि बायकामुले सोबत असली की पळून जायचे कुठे? विश्वासाची ती बाजू भावनेची नव्हती, चांगली हिशेबी होती.

1948 मध्ये औंध भारतात विलीन झाले आणि वसाहत सरकारकडे आली. ती तेव्हाच गुंडाळली गेली असती तर कुणी फारशी हळहळ केली नसती. ती टिकली, आणि 1957 मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मुळे देशभर पोचली. कथा ग. दि. माडगूळकरांची. माडगुळे हे त्यांचे गाव आटपाडीलगतचे, औंध संस्थानातलेच, तेव्हा त्यांना हा विषय परका नव्हता. 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. या चित्रपटाने कल्पनेचे जेवढे भले केले तेवढाच एक गैरसमजही रुजवला. पडद्यावर सगळा भार जेलरच्या दोन डोळ्यांवर आहे. त्यामुळे खुले कारागृह म्हणजे एखाद्या देवमाणसाची करामत, असे लोकांच्या मनात बसले. असा माणूस बदली होऊन गेला की पुढे काय, हा प्रश्न चित्रपटाला पडण्याचे कारण नव्हते, खात्याला होते.

खात्यापर्यंत ही कल्पना पोचली ती वेगळ्याच वाटेने. 1951-52 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस भारतात आले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तुरुंग अधिकाऱ्यांना शिकवण्याच्या पहिल्यावहिल्या प्रयत्नांत त्यांचा सहभाग होता. 1952 मध्ये मुंबईतच कारागृह महानिरीक्षकांची परिषद भरली. संयुक्त राष्ट्रांच्या 1955 च्या जिनिव्हा परिषदेत खुल्या संस्थांची शिफारस झाली. उत्तर प्रदेशात संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामावर कैद्यांची छावणी बसली होती. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल झाले आणि 1963 मध्ये सांगानेरला त्यांच्याच नावाचे शिबिर उभे राहिले. छावणीमागे धरणांना मनुष्यबळ हवे होते, हे कारण मोठे होते. सांगानेरची तऱ्हा निराळी. तिथे बंदी कुटुंबासह राहतो, सकाळी शहरात जाऊन स्वतः मिळवलेले काम करतो, संध्याकाळच्या हजेरीला परततो आणि वसाहतीचा कारभार बंद्यांची पंचायत पाहते. स्वतंत्रपूरच्या मूळ कल्पनेला सर्वांत जवळचे हेच.

महाराष्ट्रात येरवडा, पैठण, मोर्शी, विसापूर अशी खुली कारागृहे होत गेली. 1971 मध्ये त्यांचे नियम आले, आणि इथे गोष्टीला वळण मिळाले. कोणाला पाठवायचे हे निवड समिती ठरवणार. शिक्षेचा ठरावीक भाग बंद कारागृहात काढलेला हवा, वागणूक चांगली हवी, अमुक कलमाखालचा नको, सराईत नको. यातली प्रत्येक अट सुटी घेतली तर पटण्यासारखी आहे. पण सगळ्या मिळून अर्थ असा झाला की खुले कारागृह हे शिक्षेच्या शेवटी मिळणारे बक्षीस ठरले. कुटुंबासह राहण्याची सोय मात्र बहुतेक ठिकाणी गळाली. बंदी शेतात राबतो, बराकीत झोपतो, माफीचे, म्हणजे शिक्षेतून कमी होणारे, दिवस बंद कारागृहापेक्षा जास्त मिळतात, म्हणून तिथे जाण्यासाठी धडपडतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. महिलांसाठी येरवड्याला खुले कारागृह निघायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

तुरुंगातल्या नोकरीकडेही कोणी नीट पाहिले नाही. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने (1980-83) तुरुंग सेवेसाठी अखिल भारतीय स्वतंत्र केडर सुचवले होते. ते आजतागायत झालेले नाही, वरची पदे बहुधा पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांकडे जातात. खात्याच्या पाटीवर आता ‘कारागृह व सुधारसेवा’ असे लिहिलेले असते. पण बराकींची कुलपे सांभाळणाऱ्या आणि बंदी मोजणाऱ्या शिपायाला सुधारसेवेसाठी वेळ कुठून मिळायचा, हे पाटी सांगत नाही. बाहेर पडलेल्या माणसाचे काम बव्हंशी संस्थांवर आले. टाटा संस्थेच्या ‘प्रयास’ने 1990 मध्ये मुंबईत सुरुवात केली, तेव्हा सुटलेल्या माणसाला ओळखपत्र, निवारा आणि पहिली मजुरी मिळवून देणे हेच मुख्य काम होते. तीस-पस्तीस वर्षांनीही ते संपलेले नाही.

आकडे पाहिले की या साऱ्याची व्याप्ती ध्यानात येते. 2022 अखेर देशातल्या कारागृहांत 5,73,220 माणसे होती आणि त्यांतले दर चारांमागे तीन न्यायबंदी, म्हणजे खटला चालू असलेले. खुली कारागृहे सुमारे नव्वद, त्यांतली निम्म्याच्या जवळपास एकट्या राजस्थानात. न्यायबंदी खुल्या कारागृहाच्या अटींत मुळात बसतच नाही. म्हणजे हा सगळा इतिहास, अहवाल, परिषदा आणि चित्रपट मिळून, उरलेल्या एका चतुर्थांशातल्याही थोड्यांपुरता आहे.

अलीकडे हालचाल दिसते. केंद्राने 2023 मध्ये नवा आदर्श कायदा तयार केला. 1894 च्या अधिनियमाची जागा घेणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर 2024 मध्ये मंजूर केले. त्याआधी, 1 मे 2022 रोजी, येरवड्यात राज्य सहकारी बँकेबरोबर ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू झाली: बंद्याला 50 हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज 7 टक्के, फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. घरच्यांचा दवाखाना, मुलांची फी, वकिलाची रक्कम अशा गरजांसाठी. आत असलेला माणूस घरच्या खर्चाला हातभार लावतो, ही गोष्ट स्वतंत्रपूरच्या जातकुळीची आहे.

गाठ अडते ती गावात. संचित रजा (फर्लो) असो की अभिवचन रजा (पॅरोल), बंद्याच्या गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. गावकऱ्यांचा विरोध आहे, शांतताभंगाची शक्यता आहे, अशी दोन वाक्ये त्यात आली की अर्ज बहुतेक वेळा तिथेच थांबतो आणि बंद्याला उच्च न्यायालय गाठावे लागते. अहवाल लिहिणाऱ्या हवालदाराच्या बाजूने पाहिले तर ‘हरकत नाही’ लिहिण्यात त्याचा फायदा काहीच नाही. रजेवर आलेल्याने काही केले तर मात्र जाब त्यालाच विचारणार.