वॉर्डातला किरकोळ फरक, निकालातली मोठी दरी

लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकता येतं. वैद्यकीय विद्यार्थ्याचं वॉर्डात, रुग्णांजवळचं काम पाहून गुण देताना ते जमत नाही. तिथे गुण देणाऱ्याला चेहरा, आडनाव, उच्चार, पेहराव सगळं दिसत असतं.

अमेरिकेत २०१६ आणि २०१७ साली डॉक्टर झालेल्या २७,५०४ विद्यार्थ्यांची उत्तरं २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. शिकताना एकदा तरी गैरवागणूक सोसल्याचं ४०.९ टक्के मुलींनी सांगितलं. मुलग्यांमध्ये हे प्रमाण २५.२ टक्के होतं. गोऱ्या विद्यार्थ्यांत २४ टक्के, तर कृष्णवर्णीयांसारख्या या पेशात कमी संख्येने असलेल्या गटांत ३८ टक्के. समलिंगी आणि उभयलैंगिक विद्यार्थ्यांत ४३.५ टक्के.

अपमान निदान सांगता तरी येतो. हुकलेली संधी मोजणं त्याहून अवघड. शिरेत सुई लावणं, टाके घालणं, कॅथेटर टाकणं ही कामं स्वतः केल्याशिवाय येत नाहीत आणि ती कोणाला मिळणार हे कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. वॉर्डात काम शिकवणारा रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिक्षण घेणारा तरुण डॉक्टर, घाईत असतो. ज्याच्याशी सूर जुळलाय त्याला तो हाक मारतो. अशी संधी हुकणं फक्त मुलींच्याच वाट्याला येतं असंही नाही. स्त्रीरोग आणि प्रसूती विभागात अनेक रुग्ण विद्यार्थी पुरुष आहे म्हणून तपासणीला नकार देतात. तो त्यांचा हक्कच आहे, पण मुलग्यांचा सराव तिथे कमी पडतो. सराव कमी म्हणून हात बिचकतो आणि हात बिचकतो म्हणून पुढची केस दुसऱ्याला जाते.

शस्त्रक्रियेत यात हत्यारांची भर पडते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या बऱ्याच हत्यारांच्या मुठी लहान हाताला मोठ्या पडतात. सहा नंबरचा ग्लोव्ह घालणाऱ्या मुलीला स्टेपलर (टाक्यांऐवजी पिना मारणारं हत्यार) दाबताना पकड बदलावी लागते, कधी दुसरा हात लावावा लागतो. त्यात टेबल उंच सर्जनच्या सोयीने लावलेलं. मुठी साधारण कोपराच्या पातळीला येतील इतकं टेबल खाली घेतलं किंवा पायाखाली स्टूल दिलं तर बराच फरक पडतो. ते न करता ‘हात कच्चा’ असा शेरा मारणं सोपं असतं.

या शेऱ्यांचं पुढे काय होतं, ते गणिताने पाहू. समजा, दोन गटांच्या वॉर्डातल्या गुणांची सरासरी ३.६ आणि ३.५ आहे, दोन्हीकडे गुणांचा पसारा सारखा (प्रमाण विचलन ०.३) आणि विशेष श्रेणीची रेघ ३.९ वर आहे. पहिल्या गटातले शंभरात सुमारे १६ जण ती ओलांडतील, दुसऱ्यातले ९. रेघ ४.२ वर नेली तर पहिल्या गटातले दोनाहून थोडे जास्त आणि दुसऱ्यातला जेमतेम एक. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वैद्यकीय विद्यापीठाने २०१८ मध्ये आपल्याच नोंदी तपासल्या, तेव्हा हेच दिसलं. वॉर्डातल्या गुणांत फरक किरकोळ होता, पण कमी संख्येच्या गटांना ऑनर्स, म्हणजे विशेष श्रेणी, जवळपास निम्म्याच मिळाल्या होत्या आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या मानाच्या मंडळात त्यांची निवड होण्याची शक्यता एक तृतीयांशावर आली होती.

सगळा दोष परीक्षकाच्या पूर्वग्रहाचा, असं म्हणून मोकळं होणं मात्र चूक ठरेल. ब्रिटनमधल्या २२ अभ्यासांच्या २०११ सालच्या एकत्रित विश्लेषणात, यंत्राने तपासलेल्या लेखी परीक्षांतही गोरेतर विद्यार्थी मागे पडलेले दिसले. यंत्राला आडनाव कळत नाही. म्हणजे दरीचा काही भाग परीक्षेच्या आधीच, शिकण्याच्या वातावरणात तयार झालेला असतो. सीनियर कोणाला नोट्स देतात, अभ्यासगटात कोण असतं, न घाबरता शंका कोण विचारतं, हे सगळं त्यात येतं.

त्यामुळे उपायही दोन्ही ठिकाणी लागतात. कामं पाळीने वाटावीत आणि कोणी काय केलं याची वहीत नोंद व्हावी. ‘गोड मुलगी’, ‘शांत मुलगा’ असल्या शेऱ्यांऐवजी प्रत्यक्ष काय केलं ते लिहावं: रुग्णाची हिस्टरी, म्हणजे आजाराची हकिगत, विचारताना काय सुटलं, निदान कशावरून केलं. एकाच्या मतावर श्रेणी न ठरवता अनेकांनी, वेगवेगळ्या दिवशी पाहिलेलं धरावं. आणि प्रत्येक पोस्टिंगनंतर, म्हणजे विद्यार्थ्यांची त्या विभागातली पाळी संपल्यावर, विभागाने गटवार श्रेणी मांडून पाहाव्यात. एकेका विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत ही तफावत दिसतच नाही.