फिरंगी, फरासीस, फरसबी : ‘फ्रेंच’ या शब्दाची पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं, तेव्हा समुद्रावरून आलेल्या व्यापाऱ्यांबद्दल सावध राहायला सांगताना त्यांनी नावं घेतली ती अशी : फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. सगळे मिळून टोपीकर. म्हणजे अनुक्रमे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि डेन्मार्कवाले. या यादीतले फिरंगी आणि फरासीस हे दोन शब्द मुळात सख्खे भाऊ आहेत, आणि तरीही ते दोन वेगळ्या, एकमेकांशी भांडणाऱ्या देशांच्या लोकांसाठी वापरलेत. अमात्यांची यात काही चूक नाही. तोवर ‘फ्रेंच’ या नावाने इतके मुक्काम केले होते की एकाच माणसाची दोन नावं दोन दरवाजांतून आत आली होती.

मूळ पुरुष म्हणजे फ्रँक. ऱ्हाइन नदीच्या आसपासच्या जर्मानिक टोळ्या. रोमन सत्ता ढासळत असताना त्या गॉल प्रांतात शिरल्या, पाचव्या शतकाच्या अखेरीस क्लोव्हिसने त्यांचं राज्य उभं केलं आणि पुढे शार्लमेनने जवळजवळ सगळा पश्चिम युरोप त्याखाली आणला. जिंकलेल्या लोकांची भाषा लॅटिनची लेक होती. जेत्यांनी ती उचलली आणि स्वतःची सोडली, पण देशाला आणि भाषेला नाव मात्र आपलं देऊन गेले. म्हणून फ्रेंच ही लॅटिन कुळातली भाषा आजही एका जर्मन टोळीच्या नावाने ओळखली जाते.

पुढे १०९६ नंतर धर्मयुद्धांच्या निमित्ताने पश्चिम युरोपचे सरदार जेरुसलेमकडे निघाले. त्यांत फ्रँक बरेच, म्हणून अरबांनी सगळ्यांनाच सरसकट ‘इफ्रंज’ म्हटलं. कोण नॉर्मन, कोण जर्मन, कोण इटालियन, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. अरबीतून ते फारसीत ‘फरंग’ झालं आणि तिथून आपल्याकडे आलं. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५१०ला आल्बुकर्कने गोवा घेतलं, तेव्हा दारात उभ्या असलेल्या पोर्तुगिजांना हे तयार नाव चिकटलं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली ती फिरंग्यांकडून. त्यात फ्रान्सच्या कुणाचा काडीचा संबंध नव्हता. युरोपातून येणाऱ्या सरळ पात्याच्या तलवारीला मराठे ‘फिरंग’ म्हणत, तिचं पातं कुठल्या देशात घडलं याची चौकशी न करता.

या नावाला चिकटलेली सगळ्यात बोचरी गोष्ट म्हणजे एक रोग. १४९४-९५ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नेपल्सवर चालून गेला आणि त्याच्या भाडोत्री फौजेत उपदंशाची भयंकर साथ पसरली. इटलीवाले आणि इंग्रज त्याला ‘फ्रेंच रोग’ म्हणू लागले, तर फ्रेंच लोक ‘नेपल्सचा रोग’. रशियनांनी तो पोलंडच्या नावावर लावला. व्हेरोनाचा वैद्य फ्राकास्तोरो याने १५३० मध्ये त्यावर लॅटिनमध्ये काव्य लिहिलं. त्यातल्या सिफिलस नावाच्या मेंढपाळावरून आजचा ‘सिफिलिस’ आला, पण शीर्षकात ‘फ्रेंच रोग’ होतंच. आता आपल्याकडे पाहा. त्याच शतकातला वैद्य भावमिश्र आपल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात हा नवा रोग नोंदवतो. जुन्या संहितांत तो नाही. नाव देतो ‘फिरंग रोग’, कारण फिरंग देशात तो फार आढळतो आणि तिकडच्या लोकांच्या संगाने होतो, म्हणून. औषधांत पाऱ्यापासून केलेला रसकापूर आणि चोपचिनी नावाची मुळी. भावमिश्राला इटलीतलं भांडण ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याच्यासमोर होते ते पोर्तुगीज. पण फिरून फिरून रोग त्याच फ्रँकांच्या नावावर जमा झाला, एकदा पश्चिमेकडून आणि एकदा पूर्वेकडून. दोन्हीकडे हेतू एकच होता : ही घाण आमची नव्हे, त्यांची.

फरासीस हा शब्द मात्र खऱ्याखुऱ्या फ्रेंचांसाठी आला, तोही राजकारणाच्या धबडग्यात. बुसी या फ्रेंच सेनापतीने निजामाकडे कवायती पायदळ उभं केलं. त्याच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६१ला पानिपतावर भाऊसाहेबांच्या तोफखान्याशी होता. ‘गारदी’ हेही फ्रेंच ‘गार्द’वरूनच आलेलं मानतात. म्हणजे शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांवर धावून गेलेल्यांच्या नावातही थोडं फ्रान्स होतं. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात येऊन नाना फडणविसांशी बोलणी करू लागला. हा गृहस्थ बडबड्या आणि बेभरवशाचा, त्याच्या हातून काही घडलं नाही. पण त्याच्या पुण्यात असण्यानेच मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला आणखी एक निमित्त मिळालं.

या साऱ्यात मला सर्वांत मजेशीर वाटतं ते महादजी शिंद्यांच्या ‘फ्रेंच’ सेनापतीचं प्रकरण. बेन्वा द ब्वान्य, आपल्या बखरींतला डिबॉइन, १७८४च्या सुमारास महादजींकडे आला. १७९० मध्ये राजस्थानातल्या पाटण आणि मेडता इथे त्याच्या पलटणींनी राजपूत घोडदळाचा धुव्वा उडवला. आपण त्याला बिनदिक्कत फ्रेंच म्हणतो. पण तो शांबेरीचा, म्हणजे साव्हॉय प्रांतातला, आणि साव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होता. फ्रान्सने तो क्रांतीच्या काळात गिळला, १८१५ला सोडला आणि १८६०ला कायमचा घेतला. ब्वान्य तोवर हिंदुस्थानात कमावलेली दौलत गावासाठी उधळून १८३०लाच वारला होता. शांबेरीत त्याच्या स्मारकाच्या कारंज्यावर चार दिशांना चार हत्ती आहेत, फक्त पुढचा अर्धा भाग असलेले. गावकरी त्यांची ‘चार बिनबुडाचे’ म्हणून थट्टा करतात.

त्याच्यानंतर आलेला पेराँ खरा फ्रेंच. त्याच्यावर बोट ठेवून गव्हर्नर जनरल वेलस्लीने यमुनाकाठी फ्रेंच राज्य उभं राहत असल्याचा बागुलबुवा केला. १८०३च्या सप्टेंबरात अलीगड पडलं आणि पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. त्याच महिन्याच्या २३ तारखेला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांचं कवायती पायदळ हरलं. तिथे त्याचा मुख्य अधिकारी होता पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी फ्रेंच माणूस नोकरीत ठेवायचा नाही, असं कलम इंग्रजांनी घातलंच. वेलस्लीच्या लेखी ‘फ्रेंच’ हा जन्मदाखला नव्हता, तो आरोप होता.

हा आरोप इंग्रजांकडे जुनाच. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर कित्येक पिढ्या दरबार आणि न्यायालय फ्रेंचमध्ये चाललं. मग १३३७ पासून १४५३ पर्यंत शंभर वर्षांचं युद्ध. वरच्या वर्गाची भाषाही तीच आणि शत्रूची भाषाही तीच, म्हणून इंग्रजीत फ्रेंच हे विशेषण एकीकडे नजाकतीला लागलं आणि दुसरीकडे चावटपणाला. शिवी तोंडून गेली की इंग्रज ‘माझ्या फ्रेंचबद्दल माफ करा’ म्हणतो. न सांगता दांडी मारणं म्हणजे ‘फ्रेंच लीव्ह’, जी आपल्या सरकारी कचेऱ्यांतही सुखाने नांदते. फ्रेंच लोक मात्र न सांगता सटकण्याला ‘इंग्रजी पद्धतीने जाणं’ म्हणतात. हिशेब चुकता.

क्रिकेटमध्ये बॅटची आतली कड लागून चेंडू यष्ट्यांना जेमतेम चुकवत मागे गेला तर तो ‘फ्रेंच कट’. फ्रान्सला क्रिकेट येत नाही, असा टोमणा. पण १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचं रौप्यपदक फ्रान्सकडे आहे. सामना एकच झाला, संघ दोनच होते आणि फ्रान्सच्या संघात बहुतेक सगळे पॅरिसमध्ये राहणारे इंग्रज होते.

आपल्याकडे आज जे ‘फ्रेंच’ आहे ते बहुतेक या इंग्रजी गोणीतूनच आलं. बिल्डरच्या जाहिरातीतली फ्रेंच विंडो, सलूनमधली फ्रेंच कट दाढी, पार्लरमधली फ्रेंच वेणी (घरातल्या मोठ्या बाया तिला सागरवेणी म्हणतात), ड्रॉइंगच्या तासाचा फ्रेंच कर्व्ह. शिंप्याचा आणि ट्यूबवाल्याचा फ्रेंच चॉक म्हणजे आपलं संगजिरं. फ्रेंच पॉलिशची गोष्ट तर उलटीच. सुतार चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवतो, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून त्यात बुडवतो आणि सागवानावर गोल गोल हात फिरवत एकावर एक पातळ थर चढवतो. हात मध्येच थांबला की तिथे डाग धरतो. हा चपडा म्हणजे लाख, पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्याची, आणि ती झारखंड-छत्तीसगडपासून आपल्या गोंदियापर्यंतच्या जंगलांतून येते. माल इथला, नाव तिथलं.

खुद्द फ्रान्समध्ये तरी सगळे फ्रेंच होते का? क्रांतीनंतर १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार या धर्मगुरूने राष्ट्रीय अधिवेशनापुढे, म्हणजे तेव्हाच्या संसदेपुढे, अहवाल ठेवला. त्याच्या हिशेबाने निदान ६० लाख लोकांना ही भाषा येतच नव्हती, आणखी तितक्यांना ती धड चालवता येत नव्हती, आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांच्या वर नव्हते. बाकीचे ब्रेतों, ऑक्सितां, बास्क, अल्सेशियन बोलत. शाळांमधून त्या भाषा दडपून मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देश ‘फ्रेंच’ झाला.

इतकं करूनही नावावर मालकी राहत नाहीच. २००३ मध्ये इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केला, तेव्हा अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहात फ्रेंच फ्राइजचं नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’ केलं. फ्रेंच टोस्टचीही गत तीच. फ्रेंच वकिलातीने उत्तर दिलं की प्रसंग गंभीर आहे, बटाट्याला तुम्ही काय म्हणता यात आम्हाला रस नाही. शिवाय फ्राइज बेल्जियमच्या, हेही सांगितलं. २००६ मध्ये जुनं नाव गाजावाजा न करता परत आलं.

भाजी बाजारात यातलं काहीच चालत नाही. मेक्सिको आणि अँडीजच्या डोंगरांत माणसाळलेली एक शेंग कोलंबसानंतर युरोपात पोचली, इंग्रजांनी तिला फ्रेंच बीन म्हटलं, आणि मुंबईत ते घासून घासून फरसबी झालं. पुण्याकडे तीच शेंग देठ मोडून, शीर ओढून, बारीक चिरून ओल्या नारळात परतली की श्रावणघेवडा. तिचे वाळवलेले दाणे म्हणजे राजमा. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात त्याच जातीच्या तांबड्या, पट्टेदार दाण्यांना वाघ्या घेवडा म्हणतात आणि त्याला कोरेगावचा म्हणून भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.