भुशावर नजर ठेवा : घरच्या चेनसॉची देखभाल आणि वापर

मशीनच्या खोक्यात मिळालेली पुस्तिका रद्दीत टाकू नका, ती वाचाच. पण ती लिहिणाऱ्याने ठाण्याचा जुलै पाहिलेला नाही, आणि सोसायटीच्या गुलमोहोरात पाट्यांचे किती खिळे गाडलेले असतात तेही त्याला ठाऊक नाही. म्हणून हे पत्रक. वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या दुकानात जेवढी मशीन विकली जातात त्याहून जास्त दुरुस्तीला येतात. त्यातल्या बऱ्याचशा मशीनना दुरुस्तीची गरजच नसते. इंजिन ठणठणीत असतं, बिघडलेली असते ती चेन.

आमचे बहुतेक ग्राहक लाकूडतोडे नव्हेत. कुणाचा येऊरच्या पायथ्याशी बंगला, कुणाचं बेलापूरला रो-हाउस, कुणाची मुरबाड-शहापूरकडे वाडी. वर्षातून आठ-दहा वेळा मशीन हातात धरणारी ही माणसं. खरा धोका त्यांनाच, कारण रोज वापरणाऱ्याच्या हाताला जे आपोआप कळतं ते यांना दर वेळी नव्याने आठवावं लागतं.

कोलशेतहून एक काका गोणपाटात गुंडाळून मशीन घेऊन आले. "इंजिन गेलं," म्हणाले. "धूर येतोय, आवाज करतंय, पण लाकूड कापत नाही." पट्टी, म्हणजे चेन जिच्या कडेवरून फिरते ती लांब पाती, निळी-काळी पडली होती आणि चेन उलटी बसवलेली. साफ करायला काढली, लावताना फिरली. असं आमच्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा होतं, तेव्हा लाज वाटायचं कारण नाही. फक्त लक्षात ठेवा : पट्टीच्या वरच्या अंगाला बघितलं तर दाताची धारेची कड पट्टीच्या टोकाकडे, म्हणजे तुमच्यापासून दूर तोंड करून असली पाहिजे.

भुसा काय सांगतो

धार आहे की गेली हे बोट लावून बघू नका. खाली पडलेला भुसा बघा. धारदार चेन ढलप्या काढते, खिसलेल्या खोबऱ्यासारख्या जाडसर. बोथट चेन पीठ काढते. पीठ पडायला लागलं की मशीन लाकडात स्वतःहून उतरत नाही, तुम्ही जोर लावता, पट्टी तापते, धूर येतो, हात थकतात आणि पकड सैल होते. घरगुती वापरात आम्ही ऐकलेल्या बऱ्याचशा अपघातांची सुरुवात इथेच झालेली असते. म्हणून आमचा एकच नियम : पीठ दिसलं की काम थांबवायचं. "एवढी एक फांदी झाली की बघू" म्हणायचं नाही.

चेन लाकडाने जेवढी बोथट होते त्याहून जास्त मातीने होते. ओंडका जमिनीवर ठेवून आरपार कापलात आणि चेन एकदा मातीला लागली की संपलं. मग हाताने कानस मारून वीस मिनिटं जातात. ओंडका दोन लाकडांवर किंवा घोडीवर उचलून घ्या. रस्त्याकडेच्या किंवा सोसायटीतल्या झाडाचं लाकूड असेल तर आधी खिळे, जुन्या रोषणाईच्या तारा, पत्र्याच्या पाट्या शोधा. खिळा बहुतेक वेळा सालीखाली बुजलेला असतो, तिथे लाकडावर काळपट डाग दिसतो. नारळाचं खोड तर बाहेरून फारच कठीण, दोन-चार कापांतच धार उतरते. त्यासाठी सोबत दुसरी चेन ठेवा.

धार लावणं

हे घरी येतं, आणि यायलाच हवं. लागते ती गोल कानस, पण कुठलीही नाही. घरगुती इलेक्ट्रिक आणि बॅटरीच्या मशीनवर साधारणपणे थ्री-एट (३/८ इंच) लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची चेन असते, तिला ४ मिलिमीटरची कानस. पेट्रोलच्या ५८ सीसी मशीनवर बहुधा पॉइंट थ्री-टू-फाइव्ह (०.३२५ इंच) चेन असते, तिला ४.८ मिलिमीटरची. तुमच्या चेनचा आकार पट्टीच्या बुडाशी कोरलेला असतो. वाचता येत नसेल तर पट्टी घेऊन या, आम्ही कानस मापून देऊ.

आधी मशीन बंद. पेट्रोलचं असेल तर प्लगची टोपी काढून ठेवा, बॅटरीचं असेल तर बॅटरी बाहेर, वायरचं असेल तर पिन बोर्डातून काढलेली. हातमोजे घाला, थांबलेली चेनसुद्धा बोट कापते. पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा. एका दातावर मार्करने खूण करा, नाहीतर कुठून सुरुवात केली ते हमखास विसरतं. दाताच्या वरच्या पात्यावर एक तिरकी रेघ असते, ती बहुतेक चेनवर ३० अंशाचा कोन दाखवते. कानस त्या रेघेला समांतर आणि आडवी सपाट धरायची. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. आतून बाहेर ढकलायची आणि परत येताना उचलून आणायची. मागे ओढून घासलीत तर कानसही जाते आणि धारही. दर दाताला तीन-चार हात, सगळ्यांना मोजून सारखेच. एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. डावीकडे तीन आणि उजवीकडे सहा हात मारलेत तर कापताना पट्टी एका बाजूला वळत जाते. "पट्टी वाकडी झाली" म्हणून आलेल्या बहुतेक मशीनमध्ये पट्टी सरळच असते.

दर दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. दात एका वेळी लाकडात किती खोल शिरेल ते तो ठरवतो. तीन-चार वेळा धार लावली की दात उतरतो आणि उंचवटा तेवढाच राहतो. मग धार असूनही चेन नुसती घसरते. सपाट कानशीने तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली ठेवायचा. त्यासाठी पत्र्याचं माप मिळतं, ते घ्याच, अंदाजाने करू नका. हा उंचवटा जास्त उतरला तर चेन लाकडाला चावून धरते आणि मशीन उसळतं. दाताचं वरचं पातं ४ मिलिमीटरपेक्षा आखूड झालं की ती चेन टाकून द्या.

ताण आणि तेल

चेन पट्टीच्या खालच्या अंगाला लटकलेली दिसता कामा नये, पण हाताने ओढली तर सहज सरकली पाहिजे. ताण बघताना पट्टीचं टोक वर उचलून धरा आणि तसंच धरून नट आवळा. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात ताणते, तेव्हा मध्येच थांबून पुन्हा बघा. गरम चेन सैल वाटते म्हणून आवळलीत आणि तशीच ठेवून दिलीत, तर थंड होताना ती आकसते आणि पट्टीला नि आतल्या बेअरिंगला ओढते. काम संपलं की थोडी सैल सोडा.

आता तेल. इंजिनात पेट्रोलबरोबर जातं ते वेगळं, चेनला जातं ते वेगळं, आणि दोन टाक्या वेगळ्या. "आमचं इलेक्ट्रिक आहे, त्याला तेल कशाला?" हा प्रश्न आम्ही दर आठवड्याला ऐकतो. चेन पट्टीवर घासते ती मोटरवर चालली काय आणि इंजिनावर चालली काय, घासतेच. चेनचं तेल चिकट असतं, म्हणून ते वेगात फेकलं जात नाही. ते मिळालं नाही तर एखाद्या दिवसापुरतं नवं एसएई ३० इंजिन ऑइल चालेल. गॅरेजमधून आणलेलं काळं जुनं ऑइल नको, त्यात धातूचा चुरा असतो. तेल येतंय का बघायचं तर मशीन चालू करून पट्टीचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर, थोडं अंतर ठेवून धरा. पुठ्ठ्यावर तेलाचे शिंतोडे उठले पाहिजेत. नाही उठले तर पट्टीचं तेलाचं भोक आणि खाच भुशाने चोंदलेली असते, पातळ पत्र्याने खरवडा. कपाटात ठेवलेल्या मशीनखाली थोडं तेल ठिबकतं, तो बिघाड नाही. खाली पुठ्ठा ठेवा.

पट्टी दर वेळी धार लावताना उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. एअर फिल्टर प्रत्येक वापरानंतर झटका. दोन-तीन चेन संपल्या की स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाकही बदला, झिजलेलं स्प्रॉकेट नव्या चेनची वाट लावतं.

पेट्रोल

मिश्रणाचं प्रमाण तुमच्या मशीनच्या टाकीवर किंवा पुस्तिकेत असतं, शेजाऱ्याला विचारू नका. ५०:१ म्हणजे एक लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडच्या दमट हवेत मिश्रण महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नये. "दिवाळीत भरलं होतं, होळीला चालू होत नाही" हा आमच्याकडचा ठरलेला संवाद आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा कार्बोरेटर साफ करणं हेच असतं. लागेल तेवढंच बनवा. पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका, घरात मुलं असतात. टाकी भरताना मशीन थंड झालेलं हवं, आणि भरलेल्या जागेपासून तीन-चार मीटर दूर जाऊन चालू करायचं.

उसळी

पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर. तेवढा भाग फिरती चेन असताना कशालाही टेकला की पट्टी पापणी लवायच्या आत वर आणि मागे, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे येते. ताकद असून उपयोग नाही, हात पोचतच नाही. म्हणून टोकाने कापायचं नाही, आणि एका फांदीमागे दुसरी फांदी आहे का ते आधी बघायचं. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून घट्ट वळलेला हवा, बोटांच्या बरोबरीने वर ठेवलेला नव्हे. उभं राहताना पट्टीच्या सरळ रेषेत उभं राहू नका, थोडं डावीकडे. खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. शिडीवर चढून तर अजिबात नाही. त्यासाठी लांब दांड्याची करवत मिळते, हाताने चालणारी, स्वस्त.

पुढच्या दांड्यासमोरची ढाल म्हणजे चेन ब्रेक. दर वेळी काम सुरू करण्याआधी तपासा : मशीन चालू, हलकी रेस, डाव्या मनगटाने ढाल पुढे लोटा. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. नाही थांबली तर त्या दिवशी काम बंद. रेस सोडल्यावरही चेन सरकत राहत असेल तर तोही दुरुस्तीचा विषय आहे.

चालू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजवा पाय मागच्या दांड्यात, डावा हात पुढच्या दांड्यावर, आणि मग दोरी ओढायची. हातात लोंबकळत धरून दोरी ओढणारे बघितले की आम्हालाच घाम फुटतो.

बूट, फुल पँट, हेल्मेट, डोळ्यांवर जाळी किंवा गॉगल, कानावर मफ. पेट्रोलच्या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. गळ्यात पंचा, ओढणी, सैल बाह्या नकोत. पायाला कापरोधक चॅप्स, म्हणजे पँटवरून बांधायची जाड आवरणं घेतली तर उत्तम. त्यातले धागे चेनमध्ये अडकून चेन थांबवतात. "उकडतं" ही तक्रार खरी आहे, म्हणून आम्ही सकाळी सातला काम सुरू करून दहाला संपवायला सांगतो.

पडलेली फांदी

वादळानंतर पडलेली फांदी साधी दिसते, पण तिच्यात ताण भरलेला असतो. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली असते. आधी वरून एक तृतीयांश कापा, मग खालून वर. एक टोक मोकळं लोंबत असेल तर उलट, आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. खालून कापताना पट्टीची वरची बाजू मशीन तुमच्याकडे ढकलते, तयारीने उभे राहा. धनुष्यासारखी वाकून अडकलेली फांदी, तारेवर पडलेली फांदी आणि गाडीवर पडलेलं झाड या तीन गोष्टींना हात लावू नका. तारेवरचं महावितरणला कळवा, बाकीच्यासाठी महापालिकेचं आपत्ती व्यवस्थापन आणि अग्निशमन दल आहे.

आणि उभ्या झाडाबद्दल. आपल्या आवारातलं असलं तरी ते तोडायला, मोठी छाटणी करायलासुद्धा, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालापासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आहे. मशीन आमच्याकडून घेतलंत म्हणून परवानगीही मिळाली असं होत नाही, हे आम्ही बिल देताना सांगतोच.

हे विकत घेऊ नका

चार इंची ग्राइंडरला पट्टी आणि चेन जोडायचा संच बाजारात मिळतो. आम्ही तो ठेवत नाही, आणि बसवूनही देणार नाही. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, त्याला ना चेन ब्रेक, ना मागचा दांडा, ना हात वाचवणारी ढाल. हजार-दीड हजारात चेनसॉ मिळाला असं वाटतं, पण तो चेनसॉ नव्हे.

वायरच्या मशीनबद्दल एवढंच : २००० वॅटचं मशीन नऊ अँपिअरच्या आसपास ओढतं. टीव्हीच्या सहा अँपिअरच्या बोर्डावर लावू नका, १६ अँपिअरची मोठी पिन आणि जाड वायर हवी. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या. पाऊस नुसता भुरभुरत असला तरी वायरचं मशीन लावायचं नाही.

पावसाळ्यात ठेवताना

टाकी रिकामी करा, उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद पडू द्या. चेन काढा, घासा, तेलात बुडवून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. खाडीकाठच्या हवेत कोरड्या चेनला महिनाभरात तांबेरा चढतो. बॅटरी अर्धी चार्ज करून घरातल्या कोरड्या कपाटात, गच्चीवरच्या पत्र्याखाली नव्हे.

आमच्याकडून घेतलेल्या मशीनची पहिली धार आम्ही मोफत लावून देतो, आणि ती लावताना तुम्हाला शेजारी उभं करतो. शुक्रवारी दुकान बंद. येताना टाकी रिकामी करून आणा, चेन आणि पट्टी दोन्ही आणा. शेवटच्या कापाचा मूठभर भुसा वर्तमानपत्रात बांधून आणलात तर मशीन उघडायच्या आधीच अर्धं निदान होतं.