लाल गोळीतले फॉलिक ॲसिड आणि परळची प्रयोगशाळा

सरकारी आरोग्य केंद्रात गर्भवतीच्या हातावर जी लाल गोळी ठेवली जाते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. रक्तवाढीसाठी लोह देण्याची पद्धत जुनीच. फॉलिक ॲसिडचा माग मात्र परळच्या हाफकिन संस्थेपर्यंत जातो, जिथे लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये दाखल झाली होती.

मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक गंभीर रक्तक्षय जडत असे. त्यात तांबड्या पेशींची संख्या घटे, पण उरलेल्या पेशी आकाराने फुगलेल्या दिसत. सूक्ष्मदर्शकाखालचे हे चित्र तेव्हा माहीत असलेल्या ‘पर्निशस ॲनिमिया’ या दुसऱ्या एका रक्तक्षयासारखेच होते, त्यामुळे दोन्ही आजार एकच समजणे सोपे होते. विल्स यांनी तसे केले नाही. या बायकांच्या ताटात प्रथिने, फळे आणि भाज्या फारच कमी असल्याचे पाहून त्यांनी तोच निकृष्ट आहार प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना दिला. उंदरांवरचे प्रयोग उवांनी बिघडवले, कारण त्यांच्यातला रक्तक्षय बऱ्याच अंशी उवांतून पसरणाऱ्या संसर्गाचा निघाला. माकडांवरच्या प्रयोगांतून मात्र चित्र स्पष्ट झाले. यीस्टच्या अर्काने ती बरी झाली आणि रुग्ण बायकाही सुधारल्या. हा अर्क म्हणजे मार्माइट, बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून बनवलेला, इंग्रज पावाला लावून खातात तो काळपट, खारट लगदा. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले.

माझ्या मते त्यांचे अधिक मोलाचे काम यानंतरचे आहे. पर्निशस ॲनिमियावर गुणकारी ठरणारा यकृताचा शुद्ध अर्क या बायकांना लागू पडेना, कच्चा अर्क मात्र लागू पडे. म्हणजे शुद्धीकरणात जे निघून जात होते, तेच इथे हवे होते, आणि ते निराळे द्रव्य होते. त्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हटले गेले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून हेच द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९४५ मध्ये भारतीय जैवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील, लेडर्ले या अमेरिकी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतील गटाने ते कृत्रिमरीत्या तयार केले. पालकावरून, म्हणजे ‘पान’ या अर्थाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून, त्याचे नाव फॉलिक ॲसिड पडले आणि विल्स यांचे नाव मागे राहिले.