टीआयआर काळातील ट्रकचालकांच्या आठवणी

टीआयआर काळातील ट्रकचालकांच्या आठवणी : दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९६० ते १९९२ या काळात, युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात माल पोहोचवणाऱ्या आणि पुढे तुर्कस्तान-इराणपर्यंत खेपा करणाऱ्या ट्रकचालकांनी निवृत्तीनंतर सांगितलेल्या, लिहून ठेवलेल्या व छायाचित्रांतून जपलेल्या आठवणी. या चालकांत ब्रिटिश, डच, जर्मन, इटालियन, हंगेरियन, बल्गेरियन, तुर्की असे सर्व प्रकारचे लोक होते. त्यांना एकमेकांची भाषा येत नसे, पण कागद, नाके आणि रस्ते सर्वांचे सारखेच होते.

ट्रकच्या पुढे-मागे लावलेल्या निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘टीआयआर’ असे लिहिलेले असे. रस्त्यावरील आंतरराष्ट्रीय वाहतूक या अर्थाच्या फ्रेंच शब्दांची ती आद्याक्षरे होत. ही पाटी लोकांच्या डोळ्यांत इतकी बसली की इटली, पोलंड, रुमानिया आणि तुर्कस्तानात मोठ्या ट्रकलाच ‘टीर’ म्हणू लागले. तुर्कीत तो ट्रक चालवणारा ‘टीरजी’ झाला. कायद्यातल्या आद्याक्षरांनी रोजच्या बोलण्यात असे घर केल्याची उदाहरणे फार नाहीत.

ही व्यवस्था १९४९ मध्ये काही युरोपीय देशांतील करारापासून सुरू झाली. १९५९ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील करारनाम्याचे रूप मिळाले आणि १९७५ मध्ये तो करारनामा नव्याने झाला. तिच्यामागची कल्पना साधी होती. माल भरला की निघण्याच्या देशातील सीमाशुल्क अधिकारी ट्रकचा हौदा सीलबंद करतो. वाटेतल्या देशांनी फक्त सील शाबूत आहे की नाही ते पाहायचे आणि माल उतरवून तपासायचा नाही. वाटेत माल गायब झालाच, तर शुल्काची हमी वाहतूकदारांच्या संघटनेने घ्यायची. चालकाजवळ ‘कार्ने’ नावाची एक वही असे. तिच्यात पांढरी आणि हिरवी पाने आलटून पालटून असत. देशात शिरताना पांढरे पान फाडून घेत, बाहेर पडताना हिरवे, आणि वहीत उरलेल्या पट्टीवर शिक्का मारत. ज्या पट्टीवर शिक्का नाही त्या देशात माल विकला असा संशय येई, म्हणून चालक या वहीला जिवापलीकडे जपत. भारत या करारनाम्यात २०१७ मध्ये सामील झाला. मार्च २०१९ मध्ये अफगाणिस्तानातून निघालेला माल याच पद्धतीने इराणच्या चाबहार बंदरातून न्हावाशेवाला उतरला.

सील नेमके लावत कुठे, हे समजल्याशिवाय या आठवणींतला बराचसा वैताग कळत नाही. त्या काळचा सर्रास दिसणारा ट्रेलर म्हणजे ताडपत्रीचा. लोखंडी कमानी, त्यांच्यात अडकवलेल्या आडव्या फळ्या, बाजूचे फाळके आणि वरून एकसंध ताडपत्री. ताडपत्रीच्या कडेला ओळीने भोके असत आणि त्यांतून एकच अखंड दोरी सगळ्या ट्रेलरभोवती ओवलेली असे. दोरीची दोन टोके एकत्र आणून तिथे शिशाचे सील दाबत. दोरीला कुठेही गाठ किंवा जोड चालत नसे, कारण सील न तोडता आत हात घालायला तेवढी जागा पुरते. माल क्रेनने वरून उतरवायचा असेल तर चालकाने एकट्याने दोरी काढायची, ताडपत्री गुंडाळून मागे ओढायची, फळ्या एकेक करून उपसायच्या, कमानी सोडवायच्या. मग माल उतरला की हे सगळे उलट्या क्रमाने पुन्हा लावायचे. भिजून थंडीत कडक झालेल्या ताडपत्रीशी झुंजताना बोटे फुटत. आपल्याकडे ट्रकवर क्लीनर असतो, तसा जोडीदार बहुतेकांच्या नशिबी नव्हता. या चालकांच्या हातांविषयी त्यांची मुले-नातवंडे आजही बोलतात ते यामुळे.

निवृत्त चालकांना जुन्या दिवसांविषयी विचारले तर ऐकणाऱ्याला वाटते की आता वेगाच्या, डोंगरांच्या, दूरदेशीच्या गोष्टी निघतील. त्या निघतातही, पण सर्वांत जास्त वेळ ते बोलतात थांबण्याविषयी. रस्त्यावर दोन दिवस आणि नाक्यावर तीन दिवस, असा हिशोब अपवादाचा नव्हता. दोन देशांत ठरलेल्या कोट्यातले परवाने संपलेले असत. सीमाशुल्काचे कागद पार पाडून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे कागद अडकत. इटलीत आओस्टाच्या किंवा मिलानच्या आवारात दुपारची जेवणाची सुट्टी कागदावरच्या शिक्क्याआधी येई. पश्चिम जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत आणि फ्रान्समध्ये शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत अवजड ट्रकना रस्त्यावर बंदी असे. स्वित्झर्लंडमध्ये २८ टनांहून जड गाडी चालतच नसे, म्हणून इटलीला जाणारा अवजड माल ऑस्ट्रियातील ब्रेनर घाटात किंवा १९६५ मध्ये खुल्या झालेल्या माँ ब्लाँ बोगद्याच्या तोंडाशी गोळा होई आणि तिथे मैलोन् मैल रांग लागे. टाकीतल्या डिझेलवरही नजर असे. युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाच्या) १९६८ च्या नियमाने टाकीतले ५० लिटर डिझेल करमुक्त नेण्याची किमान हमी दिली होती, त्याहून जास्त असेल तर एखादा देश कर मागू शके. ही हमी २०० लिटरवर गेली ती १९८० च्या दशकात.

या थांबण्यातूनच त्यांचा समाज तयार झाला. ट्रेलरच्या बाजूच्या पेटीत गॅसची छोटी शेगडी, एक पातेले, चहा-कॉफी, डबाबंद मांस आणि कांदे-बटाटे असत. रविवारी वाहनतळावर चार देशांचे चालक एका पातेल्याभोवती बसत. कोणाचा फॅनबेल्ट तुटला तर दुसरा आपल्याकडचा काढून देई, पैसे विचारत नसे. फ्रान्समध्ये लाल-निळ्या गोल पाटीची ‘रूतिए’ जेवणघरे होती. १९३४ मध्ये सुरू झालेल्या या साखळीत चालकाला परवडेल अशा दरात भरपेट जेवण मिळे आणि अनोळखी माणसे एकाच टेबलावर बसत. कित्येक चालकांना गावांची नावे आठवत नाहीत, पण कोणत्या वळणानंतरच्या जेवणघरात सूप चांगले होते ते बरोबर सांगता येते.

पूर्वेची वाट ही या आठवणींतली सर्वांत लांब आणि सर्वांत रंगवून सांगितली जाणारी गोष्ट. १९६४ मध्ये एका ब्रिटिश कंपनीचा ट्रक लंडनहून निघून काबूलला पोहोचला आणि रस्त्याने आशियात माल नेता येतो हे दिसले. खरी गर्दी झाली ती १९७३ च्या तेल दरवाढीनंतर. इराण आणि आखाती देशांकडे पैसा आला आणि मालाची मागणी वाढली, पण बंदरे तेवढी मोठी नव्हती. जहाजे महिनोन्महिने समुद्रात नांगर टाकून उभी राहिली. ज्याला यंत्राचा सुटा भाग आताच हवा होता त्याने ट्रकचे भाडे मोजले. लंडन ते तेहरान हे अंतर सुमारे ५,५०० किलोमीटर. नुसते अंतर काढायला दोन आठवडे लागत, नाके धरून महिना सहज जाई. सुरुवातीच्या अनेक ब्रिटिश ट्रकमध्ये झोपायची सोयही नव्हती. चालक दोन्ही आसनांवर आडवी फळी टाकून, मधल्या इंजिनच्या उबेत निजत. १९६५ मध्ये आलेल्या वोल्वो एफ-८८ सारख्या स्वीडिश गाड्यांत मागे पलंग होता. या चालकांना त्या गाड्यांविषयी आजही जे प्रेम वाटते त्याचे पहिले कारण तो पलंग आहे.

युगोस्लाव्हियातून जाणाऱ्या ‘बंधुता आणि एकता’ या महामार्गाचे नाव सुंदर होते, पण त्याचा बराचसा भाग दुभाजक नसलेला दुपदरी होता. जर्मनीत कामाला असलेले तुर्की, ग्रीक व युगोस्लाव कुटुंबकबिले सुट्टीत न झोपता गाड्या हाकत घरी निघत. समोरून येणारा डुलक्या घेत आहे की काय, ही धास्ती प्रत्येकाच्या बोलण्यात येते, आणि रस्त्याकडेच्या चुरगळलेल्या गाड्याही. पुढे निश, सोफिया, मग तुर्कस्तानच्या सीमेवरील कापिकुले. तिथल्या रांगेत सिगारेटची पाकिटे हे जणू दुसरे चलन होते. इस्तंबूलबाहेरचा ‘लोंद्रा कॅम्प’ हा चालकांचा मोठा अड्डा. तिथे आंघोळ व जेवण मिळे, पुढच्या रस्त्याची बातमी कळे आणि परतणाऱ्याच्या हाती घरी पत्र देता येई. १९७३ मध्ये बॉस्फरसवरचा पूल होईपर्यंत इथून आशियात जायला फेरीबोटच होती.

पूर्व तुर्कस्तानातील ताहीर घाट हे या आठवणींतले सर्वांत भयाचे नाव. कच्चा रस्ता, संरक्षक कठडा नाही, एका बाजूला दरी आणि हिवाळ्यात पायाखालचा बर्फ रात्रीतून काचेसारखा होणारा. चाकांना साखळ्या बांधायच्या त्या आडवे पडून, गाडीखाली हात घालून. याहून अवघड प्रश्न डिझेलचा असे. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधले मेण वेगळे होते, ते ढगाळ दिसू लागते, मग पेजेसारखे घट्ट होऊन फिल्टर तुंबवते आणि इंजिन बंद पडते. इंजिन बंद म्हणजे केबिनमधली ऊबही बंद. म्हणून रात्रभर इंजिन चालू ठेवत आणि टाकीत रॉकेल मिसळत. तेही पुरले नाही, तर एखाद्या डब्यात चिंध्या टाकून त्यावर डिझेल ओतत आणि पेटता डबा टाकीखाली सरकवत. आजच्या वाचकाला हे वेडेपण वाटेल, पण तिथे मदतीला येणारे कोणी नव्हते. काही चालक गोठून गेले, काही दरीत गेले. त्यांची नावे सोबत्यांच्या तोंडी राहिली. घाट उतरला की दोगुबायझित, समोर आरारात पर्वत आणि त्याच्या पायथ्याशी इराणचे बाझरगान नाके. १९७९ ची इराणमधील क्रांती, पुढच्या वर्षी सुरू झालेले इराण-इराक युद्ध आणि कमी भाड्यात माल नेणारे तुर्की व बल्गेरियन ट्रक यांमुळे ब्रिटिशांचे हे काम १९८० च्या दशकात ओसरत गेले. १९९१ नंतर युगोस्लाव्हियात युद्धे पेटली आणि तो महामार्गच तुटला. ट्रक हंगेरी-रुमानियाच्या वाटेने वळले.

पूर्व युरोपातील चालकांच्या आठवणींना वेगळा सूर आहे आणि तो बाहेर फारसा ऐकू येत नाही. हंगेरीची हुंगारोकामिऑन, बल्गेरियाची सोमात, पोलंडची पेकाएस या सरकारी वाहतूक संस्था होत्या. ज्या देशात सामान्य माणसाला पश्चिमेचा व्हिसा मिळणे मुश्कील, तिथे हा माणूस दर महिन्याला म्युनिक किंवा रॉटरडॅम पाहून येई. भत्ता परकीय चलनात मिळे. तो वाचवण्यासाठी हे चालक घरून आणलेल्या डब्यांवर दिवस काढत, आणि परतताना कॉफी, जीन्स, टेपरेकॉर्डर आणत. गल्लीत त्यांचा मान होता आणि संशयही. बायको-मुले मागे असत, म्हणून माणूस परत येई, हे सरकारला पक्के ठाऊक होते.

ब्रिटनमधील चालकांच्या तोंडी ‘केबिनमधला हेर’ हा शब्द येतो. तो म्हणजे टॅकोग्राफ, गोल कागदी तबकडीवर वेग आणि विश्रांतीचा वेळ खरवडून नोंदवणारे यंत्र. युरोपीय समुदायाने १९७० च्या नियमाने ते आणले, ब्रिटनने टाळाटाळ केली, १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयात ब्रिटन हरला आणि १९८१ अखेरपर्यंत ते सक्तीचे झाले. तेव्हा त्याला शिव्या देणारे पुष्कळ चालक आज मान्य करतात की झोपेशिवाय गाडी हाकायला लावणाऱ्या मालकाला त्याच तबकडीने आवर घातला.

या आठवणींत एक घटना अशी आहे की तिने युरोपचा नकाशा वाचण्याची पद्धत बदलली, तरी तिचे श्रेय चालकांना क्वचितच दिले जाते. फेब्रुवारी १९८४ मध्ये इटालियन व फ्रेंच सीमाशुल्क कर्मचाऱ्यांच्या आंदोलनांमुळे आल्प्समधील नाक्यांवर ट्रक थंडीत दिवसेंदिवस अडकून पडले. शेवटी चालकांनी आपलेच ट्रक आडवे लावून रस्ते बंद केले. हा रास्ता रोको फ्रान्सभर पसरला आणि आठवडाभराहून अधिक टिकला. त्यानंतर काही महिन्यांतच, १३ जुलै १९८४ रोजी, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने झारब्रुकन येथे सीमेवरील तपासणी सैल करण्याचा करार केला. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग त्यात आले आणि १४ जून १९८५ रोजी मोझेल नदीवरील एका बोटीवर शेंगेन करारावर सह्या झाल्या. आज पासपोर्ट न दाखवता पॅरिसहून बर्लिनला जाणाऱ्या प्रवाशामागे त्या हिवाळ्यात रस्ता अडवून बसलेले ट्रकवाले आहेत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

पुढे १९८८ मध्ये ढीगभर अर्जांच्या जागी एकच सीमाशुल्क दस्तऐवज आला, आणि १ जानेवारी १९९३ रोजी एकसंध बाजारपेठ सुरू होऊन सदस्य देशांमधील मालाचे नाके उठले. अनेक चालक त्या आठवड्याविषयी सांगतात. सवयीने वेग कमी केला, पण खिडकीत कोणीच नव्हते. क्लिअरिंग एजंटांची दुकाने बंद झाली, सीमेवरची जेवणघरे ओस पडली. ज्या रांगेला सगळे कंटाळले होते तीच गेली तेव्हा भेटीगाठीही गेल्या.

अपघातांच्या आठवणी बहुतेक जण थोडक्यात सांगतात. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदराबाहेर डोव्हरला निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे राहिल्याने उलटली, १९३ माणसे गेली आणि त्यांत ट्रकचालक होते. २४ मार्च १९९९ रोजी माँ ब्लाँ बोगद्यात पीठ आणि मार्गारिन नेणाऱ्या एका ट्रकने पेट घेतला, ३९ जण दगावले. या दोन्ही वाटांनी शेकडो वेळा गेलेल्या माणसाला त्याविषयी जास्त बोलावेसे वाटत नाही, ते समजण्यासारखे आहे.

अभ्यासकाने या आठवणी वाचताना एक भान ठेवावे. बोलतात ते परत आलेले. दरीची खोली, बर्फाची उंची आणि लाचेची रक्कम वर्षागणिक वाढत जाते, मात्र नाक्यांची नावे, शिक्क्यांच्या तारखा आणि जुन्या कार्नेंच्या पट्ट्या ताडून पाहता येतात. ज्यांची साक्ष जवळजवळ नोंदलीच गेली नाही त्या घरी राहिलेल्या बायका. सहा आठवडे नवऱ्याचा आवाज नाही, मधेच एखादे पोस्टकार्ड, कधी तरी पोस्टातून तासन् तास वाट पाहून लागलेला ट्रंककॉल, त्यात तीन मिनिटे. मूल जन्मल्याची बातमी टेलेक्सने मालकाच्या कचेरीत आणि तिथून पुढच्या नाक्यावरच्या एजंटाकडे जाई. त्या बाजूच्या आठवणी गोळा करण्याचे काम अजून व्हायचे आहे, आणि त्याला फार वर्षे उरलेली नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये फ्रान्सने ब्रिटनकडून येणारी वाहतूक साथीच्या भीतीने दोन दिवस बंद केली. नाताळच्या तोंडावर हजारो चालक केंट परगण्यात, मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर अडकले. त्यांत पोलिश, रुमानियन, बल्गेरियन पुष्कळ होते. ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्यातून त्यांच्यासाठी गरम जेवण शिजून गेले. ब्रिटन युरोपीय संघाच्या एकसंध बाजारपेठेतून बाहेर पडल्याने १ जानेवारी २०२१ पासून डोव्हरला मालाचे कागद पुन्हा तपासले जाऊ लागले.