महानायकपट व विज्ञानपटांतील स्त्री-चित्रण आणि ग्रामीण विदर्भ

परग्रह, यंत्रमानव, प्रयोगशाळा किंवा अलौकिक शक्ती यांभोवती रचलेल्या चित्रपटांत व मालिकांत बाई कोणत्या रूपात दाखवली जाते, याचा विचार या नोंदीत आहे. ती वाचवते की वाचवली जाते, हा नेहमीचा प्रश्न. विदर्भातल्या खेड्यात बसून ही चित्रं पाहिली की दुसरा प्रश्न जास्त टोचतो : शक्ती बाईच्या हाती आली की कथा तिला घाबरू का लागते?

ही भीती जुनीच आहे. १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटात कामगारांचा कैवार घेणाऱ्या मारियाचा चेहरा एका यंत्राला दिला जातो. ती यंत्र-मारिया लोकांना चिथावते आणि शेवटी जमाव तिला चेटकीण ठरवून जाळतो. भारतात मात्र आरंभी वेगळं घडलं. १९३५ च्या ‘हंटरवाली’त अभिनेत्री नादिया चाबूक घेऊन घोड्यावर स्वार झाली आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. नादियानंतर मात्र ती वाट बरीचशी ओसच पडली. ‘मिस्टर इंडिया’तली (१९८७) सीमा आणि दूरदर्शनवरच्या ‘शक्तिमान’मधली (१९९७) गीता विश्वास या दोघीही पत्रकार. पराक्रम त्याने करायचा आणि त्याची खबर जगाला हिने द्यायची, अशी वाटणी. रविवारी दुपारी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीत जमलेल्या, वीज जाऊ नये म्हणून देवाला हात जोडणाऱ्या पोरींच्या वाट्याला गीता आली. गोल गोल फिरायचं ते पोरांनी.

अमेरिकी चित्रकथांत तर नायकाला दुःख व्हावं एवढ्यासाठी बाई मारली जाई. स्पायडरमॅनची ग्वेन स्टेसी १९७३ मध्ये अशीच गेली. १९९४ च्या एका ग्रीन लँटर्न कथेत नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं आहे. लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये अशा बळी गेलेल्या स्त्री-पात्रांची यादीच केली, तेव्हा कुठे ही खोड ठळकपणे डोळ्यांवर आली.

आता जिच्या हाती शक्ती आहे त्या बाईकडे येऊ. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगाव मातामाय या गावदेवीचं ठाणं असतं. तिथे एखाद्या बाईच्या अंगात येतं. केस सुटलेले, नजर ताठ, आवाज बदललेला. एरवी सासऱ्यासमोर पदर ढळू न देणारी तीच बाई गावच्या पाटलाला अरे-तुरे करते आणि पाटील हात जोडून ऐकून घेतो. थोड्या वेळाने ती भानावर येते, पाणी पिते आणि स्वयंपाकाला लागते. शक्ती तिची नव्हती, तिच्यात आली होती. म्हणून गावाला चालली. जिची शक्ती जिची तिचीच आहे असा गावाचा समज होतो, तिला मात्र ‘करणी करणारी’ म्हणतात. अशा संशयावरून मारझोड झाल्याचे, माणसांना गाव सोडावं लागल्याचे प्रकार या भागाने पाहिले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणं हा गुन्हा आहे.

हिंदीत डब झालेले महानायकपट या डोळ्यांनी पाहिले तर त्यांतली खूण लगेच पटते. २००६ च्या ‘एक्स-मेन’पटात अफाट मनःशक्ती असलेल्या जीन ग्रेची नजर काळवंडते, केस उडू लागतात आणि घरातल्या घरात कुणीतरी म्हणतं, “हिच्या अंगात आलं वाटते माय!” पुढे तिला तिच्यावर प्रेम करणाऱ्यानेच मारायचं असतं. मार्व्हलच्या चित्रपट-मालिकांतली वांडा तर नावानेच ‘स्कार्लेट विच’, लाल चेटकीण. नवरा गेला, मुलं गेली, आणि त्या शोकातून ती जगावर उठते. २०२२ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’पटात स्वतःवर डोंगर पाडून घेऊन संपते. ताबा सुटणं हा जर दोष असेल तर तो रागावला की हिरवा राक्षस होणाऱ्या हल्कचाही आहे. त्याने शहरं मोडली तरी त्याला नायकांच्या पंगतीतून कुणी उठवलं नाही. ही दुजाभावाची गोष्ट कलेच्या नावाखाली खपवून घेऊ नये, असं प्रस्तुत लेखकाला ठामपणे वाटतं. ‘कॅप्टन मार्व्हल’ (२०१९) या बाबतीत जमून आला आहे. “भावनांवर ताबा ठेव” असं नायिकेला सारखं बजावणाऱ्यांनीच तिच्या मानेवर तिची शक्ती दाबणारं यंत्र बसवलेलं असतं, आणि ते ती स्वतः निकामी करते.

वेशाची गोष्टही थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. १९४१ मध्ये जन्मलेल्या वंडर वुमनपासून २००४ च्या ‘कॅटवुमन’मधल्या फाटक्या-तोकड्या चामड्यापर्यंत, लढणाऱ्या बाईचे कपडे पाहणाऱ्यासाठी शिवलेले दिसतात. वऱ्हाडात कापूस वेचायला निघालेल्या बाईकडे पाहावं. लुगड्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट दुपट्टा, कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी. वाळलेल्या बोंडाची टोकं हात सोलतात, पानांवर फवारणीचं औषध असतं, आणि पोटाशी ओटी जड होत जाते. त्या वेशातली प्रत्येक गोष्ट कामासाठी आहे.

‘एलियन’ या विज्ञानपटातली (१९७९) नायिका रिप्ली याच जातीची वाटते. पटकथेत पात्रं स्त्री की पुरुष हे ठरवलेलंच नव्हतं. म्हणून तिला कामाचे कपडे मिळाले आणि कामाचा अधिकारही. तोंडाला परका प्राणी चिकटलेल्या सहकाऱ्याला यानात घ्यायला ती नकार देते, कारण विलगीकरणाचा नियम तसा आहे. तिचं न ऐकता दार उघडलं जातं आणि त्यानंतरचे सगळे मृत्यू त्या उघडलेल्या दारातून येतात. शेवटी तिला अंतर्वस्त्रांत दाखवण्याचा मोह दिग्दर्शकाला आवरला नाही, तेवढी उणीव राहतेच.

मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाल्यापासून हे सारं खेड्यात हातात येऊन पडलं आहे. २०२५ चा मल्याळम ‘लोका’ त्यात वेगळा दिसतो. त्याची महानायिका केरळच्या लोककथेतल्या नीली या यक्षीवरून घडवली आहे. आपल्याकडची जखीण ही या यक्षीचीच बहीण. शब्दही यक्षिणीवरून आलेला. गावाबाहेरच्या चिंचेवरची जखीण रात्री वाटसरूला हाक मारते, एवढंच पोरांना सांगतात. ती बाई असताना तिच्यावर काय गुदरलं, हे या चित्रपटाने विचारलं आहे.