उजनी मायनसमध्ये जाते तेव्हा काठ कुठे जातो?

मे महिन्यात सोलापुरात कुणालाही भीमेवरच्या उजनी धरणाबद्दल 'उजनी किती?' म्हणून विचारा, 'मायनस वीस' असलं उत्तर येतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. धरणात ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचा राखीव साठा, आणि टक्के मोजायचे ते त्यावरच्या ५३.५७ टीएमसीचे. त्या खालचं पाणी उपसायला लागलो की आकडा उणे. २०२४च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता.

या आकड्यापेक्षा मला काठाचं नवल जास्त. भीमेचं खोरं पसरट, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पाणी लांबवर मागं सरतं. पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. भेगाळलेल्या गाळात शिंपले दिसतात, आणि शेतकरी चारी खोदत, पाइपाला पाइप जोडत पाण्यामागं जात राहतो. उघड्या गाळावर मका, कडवळ होतं. ही गाळपेर. जिथं कुणी पेरत नाही तिथं बेशरमाची झुडपं माजतात.

आता हेच उपग्रहातून बघा. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर तीस मीटर बाय तीस मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंच्या फरकावरून हिरवाई ओळखतात. रब्बी ज्वारी मार्चपर्यंत काढून होते, रान काळं पडतं. आडसाली ऊस मात्र सोळा-अठरा महिने उभा. तेव्हा मे महिन्याच्या चित्रात जलाशयाभोवती जे हिरवं कडं दिसतं, ते बहुतेक उसाचंच. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हे कडं आभाळातून आलेलं नाही. धरण, वीजपंप, कारखाना आणि ज्वारीच्या मानानं उसाची खात्रीची विक्री, यांनी ते आखलं.

पण ऑक्टोबरचं एक चित्र आणि मेचं दुसरं शेजारी ठेवून 'तलाव आटला, जमीन वाढली' म्हणणारा फसला. तुलना त्याच महिन्याची त्याच महिन्याशी, आणि तीही पाणीपातळी बघून. समुद्रकाठी हा घोळ रोजचाच. उपग्रह सोळा दिवसांनी त्याच जागेवर येतो तेव्हा कधी भरती असते, कधी ओहोटी. खाडीतला चिखल एका चित्रात जमीन, दुसऱ्यात पाणी.

तिथला आणखी एक चकवा आम्हा कोरडवाहू माणसांना चटकन कळणार नाही. रायगडात खाडीला बांध घालून खारजमिनीत भात पिकवतात. बांध फुटला आणि बुजवला नाही की खारं पाणी आत येतं, भात जातो आणि काही वर्षांत तिथं कांदळवन उभं राहतं. वरून बघणाऱ्याला हिरव्याचं हिरवंच दिसतं. कांदळवन वाढलं म्हणून नोंद होते, ती चुकीचीही नसते. फक्त शेत कुणाचं गेलं हे त्या ठिपक्यात उमटत नाही. आच्छादन वरून कळतं. वापर कळायला बांधावर जावं लागतं.

उजनीच्या काठी जुलै लागला की प्रश्न बदलतो: 'दौंडचा विसर्ग किती?', म्हणजे दौंडहून नदीनं किती पाणी येतंय. पुण्याकडची धरणं सुटली की पाणी परत चढायला लागतं, आणि गाळपेरीतला मका घाईघाईनं कापून ट्रॉलीत भरतात. त्या दिवसांत वर दाट ढग असतात. लँडसॅटच्या चित्रात नुसता पांढरा रंग.